कप्तानाचे आजोबा

"केक मधोमध नको ठेवूस, वहिनी. कॅमेऱ्यात नुसता केकच दिसेल," आत्या म्हणाली. "लोकांना वाटेल आपली बेकरी आहे."

"वाटू दे. माझ्या लेकाच्या कप्तानपदाचा केक आहे, तो मधोमधच राहणार," असं म्हणून वहिनीने केक आणखी बोटभर पुढे सरकवला.

लाँड्री आज बंद होती. एरवी या वेळेला मोठ्या यंत्रांची घरघर, रोलरमधून निघणाऱ्या चादरींची वाफ आणि काउंटरवर गिऱ्हाइकांची कटकट चालू असायची. आज यंत्रं गप्प होती आणि कपडे घडी करायच्या लांब टेबलावर पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. चादर एका हॉटेलची होती, उद्या परत जायची होती. पण आत्या म्हणाली, चादरीवर काय नाव लिहिलंय? लिहिलं होतं. तो कोपरा तिने खाली दुमडून टाकला.

काल समुद्रापलीकडच्या देशाने विश्वचषकाचा रग्बी संघ जाहीर केला आणि कप्तान म्हणून गठ्ठ्याचं नाव वाचलं. तेव्हापासून घरात कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. गठ्ठ्याचा बाप, म्हणजे आत्याचा दादा, फोनवर बोलून बोलून घसा बसवून बसला होता. आणि आज तिथल्या रग्बी बोर्डाने खास बोटीने एक बाई धाडली होती, कॅमेरा घेऊन. तिला 'कप्तानाचं घर' अशी छोटीशी फिल्म करायची होती.

गठ्ठ्या हे नाव आप्पांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी ठेवलेलं. पोरगा शाळेत जायच्या आधीपासून ओल्या चादरींच्या गठ्ठ्यांची गाडी खांद्याने ढकलायचा आणि आप्पा मागून ओरडायचे, "पाठ सपाट! मान वर! पायांनी ढकल, पोटाने नाही!" तरुणपणी आप्पा पलीकडे बंदरावरच्या संघात खेळायचे, स्क्रमच्या पहिल्या रांगेत, जिथे दोन्ही बाजूंचे धटिंगण खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. त्या रेटारेटीत त्यांचे कान चुरगळलेल्या फडक्यासारखे झाले होते. आता गठ्ठ्याचेही तसेच झाले होते, आणि लोक कौतुकाने म्हणायचे, बघा, पोराचे कानसुद्धा आजोबांवर गेलेत!

हा पोरगा पलीकडच्या देशाकडून खेळायला लागला तो आप्पांमुळेच. इथल्या निवड समितीने 'अंगाने जड, पायाने मंद' म्हणून त्याला दोनदा घरी पाठवला होता. मग पलीकडच्या बोर्डाच्या एका माणसाने त्याला क्लबच्या सामन्यात पाहिलं आणि दादाला विचारलं, तुमच्या घरात आमच्याकडे जन्मलेलं कुणी आहे का? दादा ताडकन म्हणाला, "म्हणजे काय! माझे वडील!" झालं. आप्पांचा जन्मदाखला दाखवला, पुढचं कुणी विचारलंच नाही. आईबाप किंवा आजीआजोबा ज्या देशात जन्मले त्या देशाकडून खेळता येतं, असा या खेळाचा नियमच आहे. गठ्ठ्या राहिला इथेच, या लाँड्रीच्या वरच्या खोल्यांत, पण जर्सी चढवली ती तिकडची. आणि आता जगातले मोठमोठे संघ त्याच्यासमोर वाकायच्या आधी दीर्घ श्वास घ्यायचे.

"तुम्ही बसा ना आधी, आत्या," बोर्डाची बाई म्हणाली. सगळे तिला आत्या म्हणत होते म्हणून तीही म्हणायला लागली होती. वयाने लहान, बोलायला गोड, चहा दोन कप पिऊन झालेला. "बाकीचे येईपर्यंत तुमचं थोडं घेऊ. आप्पांबद्दल असं काही सांगा, जे बाहेर कुणालाच माहीत नाही."

आता आत्याला असं कुणी विचारावं आणि तिने गप्प बसावं? आप्पा वर जुना ब्लेझर चढवत होते, गठ्ठ्या त्यांना मदत करत होता. दादा व्हॅन घेऊन क्लबात गेला होता, गठ्ठ्याची पहिली जर्सी आणायला. वहिनी चहा गाळत होती. आप्पांच्या समोर ही गोष्ट काढायची सोय नव्हती, पण आज मैदान मोकळं होतं. आणि गोष्ट इतकी चांगली होती की आत्याच्या मते ती जगाला कळायलाच हवी होती.

"आमचे आप्पा म्हणजे काय माणूस आहे ते सांगते," ती खुर्चीत नीट सरसावून बसली. "आईशी लग्न केलं ना त्यांनी, तेव्हा आमचा दादा दोन वर्षांचा होता. आईचा पहिला नवरा दादा पोटात असतानाच गेलेला. लोक आप्पांना म्हणाले, बाई लाखात एक आहे हो, पण पोराचं काय? आप्पा म्हणाले, पोराचं काय म्हणजे? पोरगा आयता चालता-बोलता मिळतोय, माझी जागरणं वाचली!" आत्या स्वतःच खळखळून हसली. "त्या दिवसापासून या घरात सावत्र हा शब्द नाही. एकदा लहानपणी भांडताना मी दादाला बोलले, कुठून तरी ऐकलं होतं. आप्पांनी आयुष्यात माझ्यावर एकदाच हात उगारला, तो तेव्हा. पहिली सायकल दादाला, पहिला कोट दादाला. मी सख्खी असून माझ्या वाट्याला सगळं दादाचं जुनं! असा माणूस आहे हा."

ती थांबली, कारण बाई हसत नव्हती.

वहिनीही हसत नव्हती. ती चहाची गाळणी हातात धरून उभी होती आणि गाळणीतून थेंब थेंब चहा त्या हॉटेलच्या चादरीवर पडत होता. "कोण दोन वर्षांचं होतं?" तिने विचारलं.

"अगं, दादा."

"कुणाच्या लग्नात?"

"वहिनी, असं काय करतेस? तुला माहीत नाही?"

वहिनीला माहीत नव्हतं. एवढी वर्षं संसार केला, एका ताटात जेवली, या घराचे मळलेले कपडे धुतले, आणि नवऱ्याने तिला हे सांगितलंच नव्हतं.  आत्याला वाटलं, आपण नवरा-बायकोत काहीतरी लावून दिलं. दादा आला की त्याच्या हातापाया पडावं लागणार. खरं काय झालंय ते तिच्या अजून डोक्यातच आलं नव्हतं.

बाईने हळूच हात पुढे करून कॅमेरा बंद केला. "आत्या," ती म्हणाली, "म्हणजे कप्तानांचे वडील जन्माने आप्पांचे चिरंजीव नाहीत?"

"जन्माचं काय घेऊन बसलात? मी तेच तर सांगतेय..."

"नियम जन्माचाच आहे," बाई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आजोबा रक्ताचे लागतात."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. रक्ताचे. नियम, बोर्ड, अर्ज हे सगळं दादाचं खातं होतं, त्यात तिने कधी नाक खुपसलं नव्हतं. तिने फक्त आप्पांचं कौतुक केलं होतं. आणि तेवढ्या कौतुकात भाच्याची सगळी कारकीर्द तिने स्वतःच्या तोंडाने बुडवली होती, तीही कॅमेऱ्यासमोर, हसत हसत.

"थांबा, थांबा," बाईच घाईघाईने म्हणाली, तिचाही रंग उडाला होता. "दत्तक घेतलं असेल ना? कायद्याने? लहानपणी रीतसर दत्तक घेतलेलं असलं तर तेही धरतात. मग काही प्रश्न नाही."

"असेल!" आत्याच्या जिवात जीव आला. "असणारच! आप्पा व्यवहाराला पक्के आहेत, साधा टॉवेलसुद्धा पावतीशिवाय घेत नाहीत."

"आत्या, तू काय म्हणालीस मघाशी?"

जिन्याच्या तळाशी गठ्ठ्या उभा होता. अख्खी चौकट त्याने भरून गेली होती आणि त्याच्या मागून ब्लेझर घातलेले आप्पा वाट मागत होते, "सरक की, बोक्या! कप्तान झालास म्हणून दार तुझं झालं का?" गठ्ठ्या सरकला नाही. तो ऐकतच नव्हता.

"आप्पा," आत्या पुढे धावली, "दादाला दत्तक घेतलं होतंत ना तुम्ही? लहानपणी? कोर्टात जाऊन?"

आप्पांनी नातवाला कोपराने ढोसून वाट काढली. त्यांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग बंद कॅमेऱ्याकडे, मग वहिनीच्या चेहऱ्याकडे. एवढ्या वर्षांत त्या घरात कुणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता.

"वेड लागलंय का तुला?" ते म्हणाले. "स्वतःच्या मुलाला दत्तक कोण घेतं?"

आत्याने बाईकडे पाहिलं.

"तुझ्या आईने बोलावला होता वकील," आप्पा रागारागाने सांगू लागले. "मी त्याला दारातून परत पाठवला. म्हटलं, मी काय दुकान विकत घेतोय सह्या करून? पोरगा माझा आहे. कागद केला म्हणजे कबूलच केलं की नव्हता म्हणून!" मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले. "का? काय झालं?"

बोर्डाच्या बाईने डोळे मिटून घेतले. आत्या खाली बसली, खुर्ची आहे की नाही हे न बघता, नशिबाने होती.

सांगायचं काम बाईनेच केलं. गठ्ठ्याला त्या देशाकडून खेळता येत नाही. आज नाही, काल नाही, कधीच येत नव्हतं. आणि एवढ्यावरच भागत नाही. विश्वचषकाला पात्र ठरायला संघ जे सामने जिंकला त्या सगळ्यांत गठ्ठ्या होता. हे बाहेर आलं तर त्या सामन्यांचे गुण कापले जाऊ शकतात आणि सबंध संघ घरी बसू शकतो.

"असं झालंय याआधी," गठ्ठ्या म्हणाला. तो अजून जिन्यापाशीच होता. "एका संघाचं. एका पोराच्या आजीचा घोळ होता." आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं तसा तो आप्पांकडे वळला. "म्हणजे तुम्ही माझे..." 

"बोल ना, तुझा कोण?" आप्पा गरजले, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

त्याच वेळी बाहेर व्हॅन थांबली. दादा शीळ घालत आत आला, काचेच्या चौकटीतली जर्सी छातीशी धरून. "हं, कुठे लावू? प्रकाश कुठून येतोय तुमचा?" मग त्याने बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" वहिनी म्हणाली.

"काय?"

"तुम्ही आप्पांचे नाही ते."

दादाने जर्सी टेबलावर ठेवली. नीट, कडेला लावून ठेवली. मग तो बहिणीकडे वळला आणि आत्याला वाटलं, आता हा आपल्याला मारणार.

"तू बोललीस. कॅमेऱ्यासमोर. तुझ्याशिवाय कोण बोलणार म्हणा!"

"दादा, मला नियम माहीत नव्हता रे. शपथ! मी आप्पांचं चांगलं सांगत होते."

"चांगलं सांगत होतीस! माझ्या पोराचा गळा कापलास आणि म्हणे चांगलं सांगत होतीस! तुझं काय जातंय? तू सख्खी!"

"दादा!"

"हा शब्द नको!" आप्पांनी टेबलावर मूठ आपटली. कप खणखणले. पण आज त्या मुठीला कुणी घाबरलं नाही, दादा तर मुळीच नाही. तो बोर्डाच्या बाईसमोर जाऊन उभा राहिला होता.

"ताई, ते पुसून टाका," तो म्हणाला. बसक्या घशातून आवाज धड निघत नव्हता. "एवढंसंच आहे ना? तुमचं बटण दाबायचं काम. आमची बहीण जरा बडबडी आहे. काहीबाही बोलते. पुसा आणि आपण पहिल्यापासून सुरू करू."

बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मग गठ्ठ्याकडे. "पुसायला मला एक क्षण लागेल," ती म्हणाली. "मी बोर्डाची नोकर आहे, मला हे ऐकायलाच नको होतं. पण ऐकलंय. मी बाहेर पायरीवर बसते. कप्तान सांगतील तसं करते." ती निघाली, दारातून परत आली, कॅमेरा उचलला आणि पुन्हा बाहेर गेली. 

दार लागताच वहिनी नवऱ्यावर तुटून पडली. "तुम्हाला माहीत होतं! तो माणूस विचारायला आला तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि तुम्ही ताडकन म्हणालात, माझे वडील!"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"खरं!"

"खरंच होतं ते!" दादा ओरडला. "माझ्या मनात दुसरं आलंच नाही. तुला खोटं वाटेल, वाटू दे. मला कुणी विचारलं, तुझा बाप कुठे जन्मला, तर माझ्या डोळ्यासमोर आप्पा येतात. दुसरं कोण येणार? त्या दुसऱ्याचा मी फोटोसुद्धा पाहिलेला नाही."

"मग नंतर? नंतर तरी लक्षात आलं असेल की नाही? त्याने पहिला सामना खेळला तेव्हा?"

दादा टेबलावरची जर्सी उगाच सरळ करू लागला. म्हणजे नंतर लक्षात आलं होतं.  आत्याच्या सरळमार्गी भावाने, ज्याने गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेली नाणी पाकिटात घालून परत केली, त्याने एवढी वर्षं हे पोटात ठेवलं होतं.

"तो दुसरा," वहिनीने आता आप्पांना विचारलं. ती डोळे पुसत होती आणि हिशेबही करत होती, आई होती ना. "तो तरी पलीकडचा होता का, आप्पा? जन्माने?"

"इथलाच, तुझ्या सासूसारखा," आप्पा म्हणाले. "याच रस्त्यावर जन्मला. बोटीत कधी पाय ठेवला नाही. समुद्र लागायचा त्याला."

शेवटची आशा, तीही गेली.  वहिनीने पदराआड नाक शिंकरलं आणि सरळ जाऊन नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली. "पुसायला सांग, बाळा," ती गठ्ठ्याला म्हणाली. "बाबांशी काय भांडायचं ते मी जन्मभर भांडेन. पण तू पुसायला सांग. कुणाचं काय बिघडलंय? तू कष्ट केलेस. हाडं मोडून घेतलीस. त्या नियमाला काय कळतंय?"

"हो रे," आत्याही म्हणाली. तिला कुणीतरी आपल्या बाजूला हवं होतं, आणि तिने केलेलं निस्तरायला एवढाच रस्ता दिसत होता. "मी कुठे बोलणार नाही. तोंड शिवून घेते. या घरातल्या कुणाच्या तोंडून अवाक्षर निघणार नाही."

"तुझ्या तोंडून?" दादा म्हणाला.

ते तिला लागलं, पण बोलायला तोंडच कुठे होतं?

गठ्ठ्या घडीच्या टेबलाच्या टोकाला येऊन बसला. टेबल करकरलं. एवढा दांडगा माणूस, पण आत्याला तो आत्ता पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखा दिसत होता, शाळेतून चुकून लवकर घरी पाठवलेल्या.

"काल मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "काल मी खोटा नव्हतो. आता मला माहीत आहे. आता तिथे जाऊन उभा राहिलो, त्यांचं राष्ट्रगीत म्हटलं, तर खोटा होईन."

"अरे पण संघाचा विचार कर," दादा म्हणाला. "तूच म्हणालास ना, सगळे बुडतील?"

"स्पर्धेच्या मधे कळलं तर जास्त बुडतील. आज सांगितलं तर निदान बोर्डाला आपणहून कळवता येईल. दुसरा कप्तान नेमता येईल. वाचले तर वाचतील."

"आणि तू?"

"माझं संपलं, बाबा. ते पुसलं तरी संपलंच. मी स्क्रममध्ये शेजारच्या पोराच्या खांद्याला धरून उभा राहतो. आता धरताना प्रत्येक वेळी मला हेच आठवणार. मग मी ढकलणार काय?"

दादा त्याच्यासमोर आला आणि आत्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं ते पाहिलं. दादाने पोरापुढे हात जोडले. "नको सांगूस," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं कर. नको ना सांगूस."

गठ्ठ्याने बापाचे जोडलेले हात आपल्या पंजात घेतले आणि खाली केले. मग त्याने खिशातून फोन काढला.

संघाचा प्रशिक्षक बहुधा जेवत होता, कारण पहिल्यांदा तो तोंडात घास धरूनच बोलला, "काय कप्तान! पोहोचली का आमची कॅमेरावाली?" गठ्ठ्याने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला आणि सांगितलं. लांबण लावली नाही. पलीकडे घास गिळल्याचं ऐकू आलं, मग एक अशी शिवी की वहिनीने एरवी कान झाकले असते.

"कोणाकडून कळलं तुला?" प्रशिक्षकाने विचारलं.

"घरातूनच."

"खात्री आहे? म्हातारी माणसं काहीही सांगतात. मी तुझ्या शब्दावर बोर्डाला उठवू शकत नाही. आजोबा आहेत का तिथे? त्यांना दे. मला त्यांच्या तोंडून ऐकू दे."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, ब्लेझरची सगळी बटणं लावून. आत्याला वाटलं, हे बोलणार नाहीत. जग उलटं झालं तरी बोलणार नाहीत. आणि खोटं कशाला, तिला मनातून हवं होतं की त्यांनी बोलू नये.

"आजोबा," फोन म्हणाला, "आमचा कप्तान तुमचा नातू आहे?"

"आहे," आप्पा म्हणाले. "शंका आहे का?"

"तसं नाही. रक्ताचा आहे का?"

आप्पांनी ब्लेझरचं वरचं बटण चाचपलं.

"आप्पा, नका," दादा हळू आवाजात म्हणाला. तो भिंतीजवळच्या बंद यंत्राला टेकून उभा होता.

"सांगा, आप्पा," गठ्ठ्या म्हणाला. "माझ्यासाठी सांगा."

"आजोबा, मला सरळ विचारावं लागतंय, माफ करा," प्रशिक्षकाचा आवाज आता मऊ झाला होता. "त्याचा बाप तुमचा मुलगा आहे की नाही?"

आप्पांनी टेबलाची कड धरली.  त्यांनी एकदा नातवाकडे पाहिलं, नातवाने मान हलवली, आणि मग ते कुणाकडेच न बघता फोनकडे वाकून, समोरच्याला नीट ऐकू जावं म्हणून अगदी स्पष्ट, मोठ्याने म्हणाले, "नाही. तो माझा मुलगा नाही. रक्ताने नाही आणि कागदानेही नाही."

"आभारी आहे," प्रशिक्षक म्हणाला. "कप्तान, तू तिकडेच थांब. पोरांना मी सांगतो. गुणांचं काय होतं ते बघू." मग तो म्हणाला, "तू फोन केलास ते बरं केलंस," आणि फोन बंद झाला.

गठ्ठ्याने चेहरा दोन्ही हातांत धरला. वहिनी त्याच्याकडे धावली. आत्याही निघाली होती, पण जाता जाता तिची नजर दादाकडे गेली आणि ती जागच्या जागी थिजली.

दादा आप्पांकडे बघत होता. केस पिकलेला, पाठ वाकायला लागलेला, उद्या स्वतः आजोबा होईल असा माणूस, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की आत्याला तिकडे बघवेना. तेव्हा तिला कळलं. हा मघापासून कप्तानपदासाठी भांडत नव्हता. पोराची जर्सी, विश्वचषक, काही नाही. सगळा जन्म याने एका वाक्याची धास्ती घेतली होती, की कधीतरी आप्पा ते म्हणतील. त्यासाठी बायकोला सांगितलं नाही, त्यासाठी बोर्डापासून लपवलं, त्यासाठी पोरापुढे हात जोडले. आणि आज आप्पांनी ते म्हटलं. म्हणायची वेळ तिने, त्याच्या बहिणीने, आणली.

"दादा," ती म्हणाली. तिला रडू फुटलं.

"मी व्हॅन आत लावून येतो," दादा म्हणाला आणि दाराकडे वळला.

"थांब," आप्पा म्हणाले.

दादा कडीवर हात ठेवून थांबला, पाठमोरा.

"त्याने त्याच्या नियमाचं विचारलं. मी त्याच्या नियमाचं सांगितलं," आप्पा म्हणाले. त्यांना दम लागला होता. "तुला मला काही विचारायचं असेल तर विचार."

दादा वळला नाही. त्याचे खांदे हलत होते. गठ्ठ्याने मान वर केली, वहिनीनेही.

"विचार की," आप्पा म्हणाले. "मी उत्तर देतो."

"मला भीती वाटते, आप्पा," दादा म्हणाला.

आप्पा टेबलाला धरून उठले. गठ्ठ्या आधार द्यायला पुढे झाला, त्याचा हात त्यांनी बाजूला सारला, आणि ते एकटेच दाराकडे निघाले.